मामाचा जबाब

"गाडी तुम्ही चालवत नव्हता, बाबा."

"गाडी माझ्या नावावर आहे."

"नाव कोणाचं ते मी विचारलंच नाही. चालवत कोण होतं?"

"चार वाजता पोलीस ठाण्यात विचारतील, तेव्हा सांगेन."

"मग आत्ता मला सांगा. तेवढीच तालीम होईल."

"फीपे, हळू बोल. आत आत्या बसलीय."

"आत्याला ऐकू जावं म्हणूनच मोठ्यानं बोलतेय."

लिसिआतेनं मान खाली घातली आणि कमरेची दोरी उगाच चाचपली. ऑस्ट्रेलियातल्या रॉबिनवेलच्या त्या घराच्या मागच्या ओसरीवर तो दुपारपासून तयार होऊन बसला होता. काळी लुंगी, इस्त्रीचा पांढरा सदरा, केसांना खोबरेल, आणि कमरेला गुडघ्यापर्यंत येणारी विणलेली चटई, वरून काथ्याची दोरी घट्ट आवळलेली. चर्चला, मयताला किंवा मोठ्या माणसासमोर जायचं तर टोंगाचा माणूस कमरेला चटई बांधूनच जातो. ठाण्यातला अंमलदार वयानं त्याच्या मुलीएवढा असला तरी तो मोठा माणूस होता, याबद्दल लिसिआतेच्या मनात शंका नव्हती. बसला मात्र तो द्राक्षांच्या पालथ्या क्रेटवर. घरात चार खुर्च्या होत्या, पण घरात ताई होती.

थोरली बहीण घरात आली की भावानं बाहेर व्हायचं, हे त्याला कोणी शिकवलेलं आठवत नव्हतं. दहा-बारा वर्षांचा झाल्यापासून तो उंगातेआबरोबर एका छताखाली बसला नव्हता, तिच्यासमोर कधी चावट बोलला नव्हता आणि तिच्या शब्दाला कधी 'पण' जोडला नव्हता. ती नदीपलीकडे यूस्टनला राहायची. पुलावरून तिची गाडी येताना दिसली की हा मागच्या दारानं अंगणात. दोघांची बोलणी व्हायची ती त्याच्या बायकोच्या, लुसेआनेच्या तोंडून. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, त्यातली निम्मी मी निरोप वाहण्यात घालवली, असं लुसेआने चर्चच्या बायकांना सांगायची. आणि हसायची, कारण नणंदेचा मान हा काही तक्रारीचा विषय नव्हता.

झालं होतं ते असं. गुरुवारी संध्याकाळी उंगातेआचा मुलगा ओपेती मामाची पिकअप घेऊन गेला. विचारून नाही. बहिणीच्या मुलानं मामाची वस्तू विचारून नेली तर मामालाच कसंसं होतं. मामाचं जे काही असतं, त्यावर भाच्याचा हात आधी. सदरे, डुकराची मांडी, एकदा तर लिसिआतेचं आवडतं गवत कापायचं मशीन, असं सगळं ओपेतीनं वेळोवेळी उचललं होतं, आणि लिसिआतेनं ते काव्हाच्या, म्हणजे मुळ्यांचं कडवट पेय पीत बसायच्या बैठकीत मित्रांना अभिमानानं सांगितलं होतं. तर ती पिकअप घेऊन परत येताना, बदामाच्या मळ्याकडच्या रस्त्यावर, ओपेतीनं सायकलवरून घरी निघालेल्या एका म्हाताऱ्या मजुराला उडवलं. आणि तो पुढे निघून आला. म्हातारा मिल्ड्युराच्या इस्पितळात होता. खुबा मोडला होता, कवटीला चीर होती. शुद्धीवर आल्यावर त्याला एवढंच सांगता आलं की गाडी पांढरी होती आणि उघड्या पाठीची होती.

ओपेतीनं त्याच रात्री मामाला सगळं सांगितलं. लिसिआतेनं ऐकून घेतलं आणि "जेव आधी," म्हणाला.

शनिवारी सकाळी ठाण्यातून फोन आला. पुढचा दिवा फुटलेली गाडी कोणीतरी पाहिली होती, नंबरावरून मालक कळला होता. गाडीच्या मालकानं चारपर्यंत यावं आणि गुरुवारी चालवत कोण होतं ते सांगावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

फोन ठेवून तासही झाला नसेल, तोवर उंगातेआ आली. पुढच्या दारानं, ओपेतीला बरोबर घेऊन, आणि काखेत गुंडाळलेली बारीक विणीची मोठी चटई. ती चटई पाहून लुसेआनेच्या हातातला टॉवेल गळाला. भावाच्या घरातून बहिणीनं चटया न्यायच्या असतात. लग्न असो, मयत असो, पहिली आणि सगळ्यात चांगली चटई तिची. ती मागत नाही, तिच्यापुढे ठेवली जाते. बहिणीनं भावाच्या घरी चटई घेऊन यावं, हे लुसेआनेनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. उंगातेआनं ती भिंतीशी ठेवली, खाली बसली, आणि हातांकडे बघत एक वाक्य बोलली.

"ओपेतीचं नर्सिंगचं हे शेवटचं वर्ष."

बाकी काही नाही. लुसेआनेनं ते वाक्य जसंच्या तसं अंगणात नेऊन सांगितलं. लिसिआतेनं मान हलवली आणि म्हणाला, "माझा पांढरा सदरा कुठे आहे?"

मग लुसेआनेनं न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून, मुलीला फोन लावला.

फीपे मिल्ड्युराला गरिबांना फुकट कायदेशीर सल्ला देणाऱ्या एका कचेरीत काम करायची. वकील नव्हती. लोकांचे कागद लावून द्यायची आणि कुठल्या कागदामुळे माणसाचं काय होतं ते रोज बघायची. तासाभराची वाट तिनं पाऊण तासात कापली होती.

लिसिआते लगेच सदरा मागायला का उठला, हे फीपेला कळण्यासारखं नव्हतं. ते टोंगातल्या हापाई बेटांवरचं होतं, ती जन्मायच्या फार आधीचं. चौदा वर्षांचा असताना लिसिआतेनं खोबरं वाळवायच्या शेडमध्ये चोरून सिगारेट ओढली होती. शेड गेली, गावाचं त्या हंगामाचं खोबरं गेलं. पोलीस आला तेव्हा त्याच्या आईचा भाऊ, सामिसोनीमामा, पुढे झाला आणि म्हणाला, कंदील माझा होता. सामिसोनीमामा साडेचार महिने आत होता. आत म्हणजे तरी काय, कैदी दिवसभर सरकारी रस्त्याकडेचं गवत कापायचे. लिसिआते शाळेतून येताना त्याला पानात बांधलेलं जेवण नेऊन द्यायचा. मामा झाडाखाली बसून खायचा आणि शाळेत काय झालं ते विचारायचा. सुटून आला त्या दिवशी डुक्कर भाजलं. त्या शेडचा विषय मामानं मरेपर्यंत काढला नाही. उंगातेआ तेव्हा सतरा वर्षांची होती. तिला सगळं माहीत होतं.

तेव्हा तुरुंग म्हणजे काय, हे दोघा भावंडांनी एकाच ठिकाणी पाहिलं होतं. काही महिने गवत कापायचं. मग घरी यायचं.

सव्विसाव्या वर्षी लिसिआते चर्चच्या बँडबरोबर तुतारी वाजवायला ऑस्ट्रेलियात आला. द्राक्षांच्या हंगामात एका मळेवाल्याला हात कमी पडत होते; तुतारी पेटीत गेली ती गेलीच. मग लुसेआने भेटली. तिच्यामुळे काही वर्षांनी त्यालाही कायम राहण्याचा परवाना मिळाला. ते पत्र त्यानं प्लास्टिकमध्ये घालून बायबलच्या खालच्या खणात ठेवलं. त्या पत्राच्या जोरावर त्याला दवाखान्याचं कार्ड मिळालं, बँकेनं घरासाठी कर्ज दिलं, मुलं शाळेत गेली. त्यानंही आपल्या बाजूनं काही चुकवलं नाही. कर वेळेवर. पत्ता बदलला तर आठवड्याच्या आत कळवलेला. मरे नदीकाठच्या त्या गावात मासे धरायचे तर परवाना काढून. पोलिसांनी त्याला सव्वीस वर्षांत एकदाच थांबवलं होतं, तेही रस्त्यावर मेंढरं आली आहेत हे सांगायला.

परवाना कायमचा, पण देशाबाहेर जाऊन परत यायची मुभा पाच वर्षांचीच, हे त्याला आई वारली तेव्हा कळलं. तारीख उलटून गेली होती. नवी मुभा हातात येईपर्यंत हापाईत आईला माती देऊन झाली होती. तेव्हापासून दर पाच वर्षांनी तो न चुकता ती नवी करून घ्यायचा आणि काव्हाच्या बैठकीत म्हणायचा, "राहायला मी कायमचा, यायला मी पाच वर्षांचा."

उंगातेआ आणि लुसेआने दोघींनी एकाच दिवशी नगर सभागृहात उभं राहून नागरिकत्वाची शपथ घेतली. लिसिआते मागच्या रांगेत दोघींच्या पर्सा धरून बसला होता. तुझं कधी, असं नगराध्यक्षांनी चहाच्या वेळी विचारलं. छाटणी आटोपली की, तो म्हणाला. ती छाटणी सतरा वर्षं चालली होती. खरं कारण हापाईतली आठ एकर जमीन. ती बापाकडून थोरल्या मुलाला आली होती, आणि दुसऱ्या देशाची शपथ घेतली की आपलं नाव त्या जमिनीवरून पुसलं जाईल असं त्याला वाटायचं. आता कायदा तसा नाही, असं फीपेनं दोनदा सांगितलं. दोनदा तिनं अर्ज भरूनही दिला. दोन्ही अर्ज बायबलच्या खालच्या खणात, त्या पत्राच्या शेजारी होते. अडत काहीच नव्हतं. मतदानाच्या दिवशी शाळेबाहेर चर्चच्या बायकांचा खाण्याचा स्टॉल लागायचा, तिथे विस्तव सांभाळायला लिसिआते पहाटे हजर असायचा. सगळं गाव आत जाऊन मत देऊन यायचं, आणि त्याच्या हातची अळूच्या पानातली मांसाची पुरचुंडी खात घरी जायचं.

गावाबाहेरच्या स्मशानभूमीत त्याचा तिसरा मुलगा होता. अकरा दिवसांचा. त्या थडग्यावर पांढरी वाळू घातलेली असे, आणि दर रविवारी प्रार्थनेनंतर लिसिआते तिच्यातली पानं वेचून, मळलेली वाळू काढून नवी पसरायचा. इतक्या वर्षांतले दोनच रविवार चुकले होते. आईच्या वेळेस हापाईला गेला होता तेव्हाचे.

असा हा माणूस चार वाजायची वाट बघत क्रेटवर बसला होता. अडीच वाजले होते.

"ठीक आहे," फीपे म्हणाली. तिनं अंगणातली दुसरी क्रेट ओढली, पालथी केली आणि बापाच्या समोर बसली. "करू या तालीम. मी अंमलदार. ओपेती, तूही ये इकडे. नाटक लिहिणारा हजर पाहिजे."

ओपेती पिकअपच्या मागच्या फळीवर बसला होता. फुटक्या दिव्याकडे त्याची पाठ होती. तो उठून ओसरीच्या खांबापर्यंत आला आणि तिथेच थांबला. लुसेआने स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या मागचं दार अर्धं उघडं होतं, आणि त्या दारापलीकडे उंगातेआ.

"नाव?"

"अगं, तुला काय—"

"मी अंमलदार आहे. नाव सांगा."

त्यानं बापाच्या नावासकट पूर्ण नाव सांगितलं. पाठ ताठ केली. गुरुवारी कुठून कुठे निघाला होता, हे तिनं विचारलं. मळ्यातून घरी. मळ्यात त्या वेळी काय काम? छाटणीच्या कात्र्या तिथे राहिल्या होत्या. हे सगळं त्याला ओपेतीनं सकाळी पढवलं होतं आणि त्यानं ते स्तोत्रासारखं पाठ केलं होतं. दिवे चालू होते का? होते. वेग? सत्तर. रेडिओ?

लिसिआतेनं ओपेतीकडे पाहिलं. ओपेतीनं काहीच खूण केली नाही.

"बंद," लिसिआते म्हणाला. "माझा रेडिओ दोन वर्षं बिघडलाय."

"चला, एक तरी खरं निघालं. धडक बसली तेव्हा आवाज कसा आला?"

हे पाठात नव्हतं. लिसिआतेनं पुन्हा ओपेतीकडे पाहिलं. खांबाजवळून ओपेती हळूच म्हणाला, "क्रेट पायाखाली चिरडल्यासारखा."

"क्रेट पायाखाली चिरडल्यासारखा," लिसिआते म्हणाला, आणि बसल्या जागी किंचित हलला.

"मग थांबला का नाहीत?"

"मी थांबलो असतो."

"असतो नाही, बाबा. एक माणूस रस्त्यात पडलाय आणि तुम्ही निघून गेलात. का?"

लिसिआतेनं खरंच विचार केला. कुठली वेल ठेवायची आणि कुठली कापायची हे ठरवताना तो डोळे बारीक करून बघायचा, तसं तो अंगणापलीकडच्या उघड्या वेलींकडे बघत राहिला. मळ्यात नव्या आलेल्या पोरांना तो शिकवायचा, आधी बघा, मग कात्री लावा, कापलेली काडी परत लावता येत नाही. निघून जाणारा माणूस काय विचार करत असेल, हे त्याला सुचतच नव्हतं.

"ओपेती," तो म्हणाला, "का रे?"

त्यात ठपका नव्हता. कुठली ओळ छाटायची राहिली, असं विचारावं तसं त्यानं विचारलं. ओपेतीला त्याच्याकडे बघता येईना.

"मी थांबलो होतो, मामा," तो म्हणाला. "पुढे जाऊन. आरशात बघितलं. तो हात हलवत होता. म्हटलं, हात हलतोय म्हणजे शुद्ध आहे, श्वास आहे. आम्हाला शिकवतात ना, आधी काय बघायचं. ते सगळं बघितलं मी. आरशातून. आणि निघालो."

आत चटईची सळसळ झाली.

फीपे बापाकडे वळली. "अंमलदाराचा शेवटचा प्रश्न. ऑस्ट्रेलियाचे नागरिक आहात?"

"नाही. कायमचा रहिवासी. एकवीस वर्षं झाली." यात मात्र तो कुठेही अडखळला नाही.

"संपली तालीम," फीपे म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता, आणि तरीही दारापलीकडे जात होता. "आता मी सांगते ते ऐका. माणसाला जबर जखमी करून पळून जाणं म्हणजे दंड भरून सुटणं नाही. वर्षभराची शिक्षा धरूनच चाला, जास्तही होईल. नागरिक नसलेल्याला वर्षभर किंवा वर शिक्षा झाली की परवाना जातो. एकवीस वर्षं असोत नाही तर एक्केचाळीस. शिक्षा संपल्यावर घरी नाही सोडणार तुम्हाला. दुसऱ्या एका कुंपणात ठेवतील आणि तिथून विमानात बसवतील."

"कीलीसीला बसवलं तसं?"

कीलीसी म्हणजे काव्हाच्या बैठकीतल्या एकाचा मुलगा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या बॅगा लिसिआतेनंच विमानतळावर नेऊन दिल्या होत्या.

"तसंच."

"तो तीनदा आत गेला होता. मी एकदाच जाणार."

"एकदाच पुरतं, बाबा."

लिसिआतेनं हे तोंडात घोळवलं. "बरं. मग जाईन. हापाईत जमीन आहे, घर आहे."

"आणि परत?"

"परत काय?"

"परत नाही. पाच वर्षांची मुभा बिभा काही नाही. नातवाच्या लग्नाला नाही, आमच्या मयताला नाही. आणि हा," तिनं ओपेतीकडे बोट केलं, "हा मिल्ड्युराच्या इस्पितळात जन्मलाय. याला शिक्षा होईल. वाईट होईल, नर्सिंग जाईल कदाचित. पण ती भोगून तो त्याच्या आईच्या घरी येईल. त्याला इथून कोणी हलवू शकत नाही. तुम्हाला शकतात. म्हणजे ज्याला परत यायला घर आहे त्याच्या जागी, ज्याला नाही तो जातोय. सामिसोनीमामा गेले ते त्यांच्याच गावच्या तुरुंगात. तुम्ही कुठे जाताय?"

फीपेला सामिसोनीमामाचं माहीत आहे, हे लिसिआतेला माहीत नव्हतं. त्यानं बायकोकडे पाहिलं. लुसेआनेच्या हातात डाव होता आणि ती तो फडक्यानं पुसत होती, पुसून झाला तरी पुसत होती.

"रविवारी वाळू कोण बदलणार?" ती म्हणाली.

ओपेतीनं खांबाला खांदा टेकला.

"लुसेआने." आतून हाक आली.

लुसेआने गेली आणि परत आली. "वन्सं विचारतात, पोरगी म्हणते ते खरं का."

"सांग, पोरगी शिकलेली आहे. खरं असेल."

पुन्हा गेली. पुन्हा आली. "वन्सं म्हणतात, त्यांना हे ठाऊक नव्हतं. तुम्हालाही सगळ्यांसारखंच असेल असं वाटलं त्यांना. इतकी वर्षं झाली म्हणून."

"सांग, मलाही तसंच वाटलं होतं."

या खेपेला लुसेआने बराच वेळ आत राहिली. फीपेनं घड्याळ पाहिलं. ओपेती खांबाचा सुटलेला रंग नखानं काढत होता.

लुसेआने आली. "वन्सं विचारतात, आता कळल्यावरही जाणार का."

लिसिआतेनं हाताचे तळवे गुडघ्यांवर ठेवले. छाटणीनं बोटांना पडलेले घट्टे पांढरे दिसत होते.

"सांग," तो म्हणाला, "किती महिने, हे सामिसोनीमामानं आधी विचारलं नव्हतं."

"बाबा—" फीपे म्हणाली.

"निरोप पोचव, लुसेआने."

पोचवावा लागला नाही. दार पूर्ण उघडलं आणि उंगातेआ ओसरीवर आली.

लिसिआते झटकन उठला. त्याला पायऱ्या उतरून अंगणात जायचं होतं, पण वाटेत फीपे होती आणि तिची क्रेट होती, म्हणून तो होता तिथेच भिंतीशी उभा राहिला, डोळे जमिनीवर. इतक्या जवळून त्यानं बहिणीचे पाय कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. टाचांना भेगा होत्या. आईच्या होत्या तशा.

"लिसिआते," ती म्हणाली. मध्ये कोणी नव्हतं, सरळ त्यालाच. "कमरेची सोड."

त्यानं वर पाहिलं नाही. "ताई, मला चारला—"

"सोड."

बहीण भावाचं काहीही मागू शकते, आणि भावाला ते द्यावं लागतं. दोरीची गाठ दुपारपासून बसून घट्ट झाली होती. ती त्याला सुटेना. फीपे पुढे झाली, तर आत्यानं नुसता हात वर केला आणि ती थांबली. शेवटी गाठ सुटली. लिसिआतेनं चटई कमरेवरून काढली, घडी घातली, दोन्ही हातांनी पुढे धरली. काळी लुंगी आणि पांढऱ्या सदऱ्यात तो एकदम अर्धवट कपडे घातल्यासारखा दिसायला लागला.

उंगातेआनं ती घेतली आणि वळली. "ओपेती, टोपी काढ."

ओपेतीनं काढली. तिनं त्याच्या जीन्सवरून चटई गुंडाळली, आणि वरून मामाची दोरी. पोरगा बारीक, दोरीचे दोन वेढे होऊन वर टोक उरलं. ते तिनं आत खोचलं. खांद्यावर चिकटलेला रंगाचा पापुद्रा झटकला. लहानपणी चर्चला नेताना झटकायची तसा.

"आई," ओपेती म्हणाला, "मामा म्हणाला होता की तो—"

"मामा म्हणाला ते मी ऐकलंय. तू म्हणालास तेही ऐकलं. आरशातलं." तिनं गाठ एकदा ओढून पाहिली. "तिथे तसंच सांग. एक शब्द कमी नको."

मग ती भिंतीकडे गेली. खिळ्याला पिकअपची किल्ली होती, लिसिआतेच्या डोक्याशेजारीच. ती काढताना तिची बाही त्याच्या सदऱ्याला लागली. तो भिंतीला आणखी चिकटला.

"वन्सं," लुसेआने दारातून म्हणाली, "आतली चटई?"

उंगातेआनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. चटई आत भिंतीशी तशीच गुंडाळलेली होती. तिनं किल्ली ओपेतीला न देता आपल्या मुठीत ठेवली आणि पायऱ्या उतरायला लागली. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. ओपेती तिच्या मागे निघाला. चटईची सवय नव्हती, पावलं आखूड पडत होती.

लिसिआते ओसरीच्या काठापर्यंत आला. फीपेनं त्याचा दंड धरला, मग सोडला.

"ताई," तो म्हणाला. हापाई सोडल्यापासून त्यानं ही हाक तिला तोंडावर मारली नव्हती. "गाडी माझ्या नावावर आहे. मलाही बोलावलंय. मी येऊ ना बरोबर?"

उंगातेआनं मुलासाठी गाडीचं दार उघडलं, तो आत बसेपर्यंत ते धरून उभी राहिली, लावलं, आणि पुढून वळसा घालून, फुटक्या दिव्यावरून हात न फिरवता, चालकाच्या बाजूला चालत गेली.